दोन लेकरे आणि एक गाडी: बीड जिल्ह्याच्या संदर्भात जोडगाडीच्या प्रश्नाचा आढावा

दोन लहान मुलांना एकाच वेळी बसवून किंवा निजवून एका माणसाला ढकलता येईल अशी जी बाबागाडी असते, तिला या लेखात जोडगाडी म्हटले आहे. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत: दोन्ही आसने शेजारी-शेजारी असलेली रुंद गाडी आणि एक आसन दुसऱ्याच्या पुढे असलेली लांब गाडी. याखेरीज एकेरी गाडीला पुढे दुसरे आसन जोडता येईल अशी सोय असलेला तिसरा प्रकारही आता मिळतो. पुण्या-मुंबईच्या घरांत या तिन्हींपैकी कोणती घ्यावी हा खरेदीचा प्रश्न असतो आणि त्याची उत्तरे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत तयार सापडतात. बीड जिल्ह्यात मात्र हा प्रश्न दुकानापाशी सुरू होत नाही. दोन लेकरे एकदम सांभाळण्याची वेळ कोणत्या घरांवर येते, त्यांना कोठून कोठे न्यायचे असते, खालची जमीन कशी आहे आणि गाडी ढकलायला मोकळा हात कोणाचा आहे, हे आधी पाहावे लागते. आणि ते पाहिले की जिल्ह्यातील बऱ्याच कुटुंबांच्या बाबतीत मुले नेण्याच्या गाडीपेक्षा मुले ठेवण्याच्या जागेचा प्रश्न मोठा ठरतो, असे या आढाव्याचे म्हणणे आहे.

बाबागाडीचा जन्मच मुळी मोकळ्या हातांच्या घरात झाला. इंग्लंडमध्ये १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी तयार केली, ती शेळी किंवा लहान तट्टू ओढीत असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मागून ढकलण्याची गाडी आली, तेव्हाही ती ढकलण्याचे काम सधन घरांत पगारी दाईकडेच होते. हे चित्र बदलले ते १९६५ मध्ये, जेव्हा स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन या अभियंत्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणे मिटणारी आणि तीन किलोंहून कमी वजनाची गाडी बनवली. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात मिटलेली गाडी घेऊन बसमध्ये चढणे तिच्यामुळे शक्य झाले. आजच्या जोडगाडीने मात्र मॅक्लारेनचा हा फायदा बराचसा गमावला आहे, कारण दोन मुलांचा भार पेलणारा सांगाडा बारा-पंधरा किलोंपर्यंत जातो आणि दोन्ही मुले खाली उतरवल्याशिवाय तो मिटत नाही. एकट्या बाईने तो मिटवायचा तर त्या वेळात दोन्ही लेकरे कोणाच्या ताब्यात द्यायची, हा प्रश्न तसाच उरतो.

मराठवाड्यातील घरांनी दोन मुले नेण्याची जी साधने वापरली, त्यांत चाक जवळपास नाहीच. धाकटे कडेवर आणि थोरले बोटाला, ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त दिसणारी रीत आहे. शेतावर जाताना तान्ह्याला दुपट्यात गुंडाळून पाटीत निजवायचे व ती पाटी डोक्यावर घ्यायची, आणि शेतात पोहोचल्यावर जुन्या लुगड्याची झोळी बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीला बांधायची, हा त्याच रीतीचा विस्तार होय. पांगुळगाडा, म्हणजे उभे राहू लागलेल्या मुलाने धरून चालण्याची तीन चाकांची लाकडी गाडी, हे एकच चाकांचे साधन खेडोपाडी परिचयाचे आहे. पण त्यात मूल बसत नाही, ते चालायला शिकते. या रीतींकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहण्याचे कारण नाही. मूल कडेवर घेतले असता त्याच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर उचललेले राहतात व खुब्याचा सांधा नीट घडण्यास ही स्थिती अनुकूल असते, हे अस्थिरोगतज्ज्ञांना मान्य आहे. उलट पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची सवय खुबा निखळण्यास हातभार लावते. जपानमध्ये १९७५ पासून या सवयीविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली आणि तेथील अर्भकांत खुबा निखळण्याचे प्रमाण झपाट्याने घटले. झोळीचे दोष मात्र लपवू नयेत. नवजात बाळाची पाठ तीत गोल होते आणि हनुवटी छातीला टेकली तर श्वासमार्ग दबतो. शिवाय थोरले मूल खेळता खेळता झोळीला पीळ घालते आणि गळ्याला फास बसतो, असे अपघात भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. फांदीला बांधलेली झोळी आडव्या काठीने रुंद उघडी ठेवणे आणि झोळीतल्या बाळापाशी दुसरे मूल एकटे न सोडणे, एवढी काळजी तरी तीत हवीच.

दोन मुले एकाच वेळी उचलण्याच्या वयात असणे हे दोन बाळंतपणांतील अंतरावर अवलंबून असते. मूल साधारण तीन वर्षांचे होईपर्यंत लांबच्या चालीला गाडी किंवा कड मागते, असे धरले तर छत्तीस महिन्यांतून दोन मुलांमधील अंतर वजा करावे आणि जे उरेल तेवढे महिने जोडगाडीचे. अंतर दीड वर्षाचे असेल तर तिचा उपयोग दीड वर्ष होतो, अडीच वर्षांचे असेल तर सहा महिने. जागतिक आरोग्य संघटनेने एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान चोवीस महिने जाऊ द्यावेत असे सुचवले आहे. त्यात गर्भारपणाचे नऊ महिने मिळवले की दोन जन्मांत तेहतीस महिन्यांचे अंतर पडते आणि जोडगाडीच्या वाट्याला जेमतेम तीन महिने येतात. म्हणजे ज्या जोडप्याने हा सल्ला पाळला, त्याला जोडगाडी घेण्याचे कारणच उरत नाही. गावोगावच्या आशा कार्यकर्तीला पहिल्या आणि दुसऱ्या मुलात तीन वर्षांचे अंतर राखले गेल्यास प्रोत्साहनपर रक्कम मिळते. या हिशेबाने पाहता तिची नोंदवही ही जोडगाडीला सर्वांत स्वस्त पर्याय आहे असे म्हणायला हरकत नाही.

पण बीड जिल्ह्यात हे अंतर पाळणे सुनेच्या हातात नेहमीच नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के आढळले. लवकर लग्न, लगेच पहिले मूल आणि विशीच्या आत दुसरे, अशी ही साखळी असते. तिला दुसरे एक टोक आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या आणि हा आकडा राज्यात सर्वांत खालचा होता. मुलग्याच्या अपेक्षेने जेथे मुली गर्भातच नाकारल्या गेल्या, तेथेच ज्या घरांत मुलगी जन्मली तेथे पुढच्या खेपेची घाईही झाली. अशा घरातली दोन वर्षांची थोरली मुलगी कडेवरून सर्वांत आधी खाली उतरवली जाते. जुळ्यांची गोष्ट वेगळी, कारण तेथे अंतर शून्य असते आणि छत्तीसही महिने गाडीला काम असते. नैसर्गिकरीत्या साधारण ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एखादे जुळे होते. महाराष्ट्रात दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यास पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरवणारा जो नियम आहे, त्यातही एक अपत्य असताना पुढच्या एकाच बाळंतपणात झालेली मुले एकच धरली जातात. राजकारणाने जुळ्यांना एवढी सवलत दिली आहे, जिन्याने आणि उंबरठ्याने मात्र दिलेली नाही.

आता गाडीकडे. शेजारी-शेजारी आसनांची गाडी साधारण पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर रुंद असते आणि घराच्या आतल्या खोल्यांची दारे बहुधा तेवढ्याच मापाची असतात, त्यामुळे ती दारातून आत जाते की अडते हे एका बोटाच्या फरकावर ठरते. लांब गाडी दारातून सुखाने जाते, पण वळताना तिला जास्त जागा लागते, आणि मागच्या मुलाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नसल्याने तेच लवकर रडू लागते. रुंद गाडीत दोन असमान वजनाची मुले असली की ती जड बाजूला ओढते. दीड वर्षाच्या अंतराची दोन मुले, म्हणजे दोन वर्षांचे सुमारे बारा किलोंचे आणि सहा महिन्यांचे सुमारे साडेसात किलोंचे, गाडीत घातली की गाडीसह तीस-पस्तीस किलो भार होतो. रुग्णालयांच्या दारी जो एकास बारा या प्रमाणाचा उतार बांधतात, त्यावर एवढा भार चढवायला सुमारे तीन किलो वजन सतत उचलून धरण्याइतका जोर लागतो, आणि उतरताना तेवढाच जोर मागे ओढावा लागतो. हे अवघड नाही. अवघड ते पुढचे.

चाकापुढे उंचवटा आला असता नुसते पुढे ढकलून ते किती चढेल, हे चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. उंचवटा त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतका झाला की त्या चाकावरच्या भारापेक्षाही जास्त जोराने ढकलावे लागते, आणि त्रिज्येइतका झाला की कितीही ढकलले तरी चाक चढत नाही. हलक्या जोडगाड्यांची पुढची चाके पंधरा सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे साडेसात त्रिज्येची असतात, तेव्हा अडीच सेंटिमीटरची फरशीची कड ही त्यांची व्यवहारातील मर्यादा होय. मराठी घराचा लाकडी उंबरठा याच्या दुप्पट-तिप्पट उंच असतो. एकेरी गाडीची दांडी खाली दाबून पुढची चाके उचलता येतात. जोडगाडीत दोघांचा भार पुढे असल्याने मनगटे दुखतात आणि शेवटी गाडी मुलांसकट उचलायला दुसरा माणूस बोलवावा लागतो.

उंबरठ्याबाहेर काळी जमीन आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा मुरमाड, खडकाळ पट्टा आणि गोदावरीकाठच्या गेवराई-माजलगावकडची खोल काळी जमीन, असे जिल्ह्याचे ढोबळ दोन भाग पडतात, आणि दोन्ही लहान चाकाला प्रतिकूल आहेत. मुरमावर लहान कडक चाक प्रत्येक खड्यावर आदळते व तो हिसका बाळाच्या मानेला बसतो. काळ्या मातीत पावसाळ्यात चाकाला चिखल लिंपत जातो, तो चाक आणि दांडा यांमधील फटीत भरतो आणि चाक फिरायचे थांबते. तीस सेंटिमीटर व्यासाची, हवा भरण्याची चाके असलेल्या गाड्या यावर मात करतात, परंतु त्या आणखी जड असतात, आणि बाभळीच्या काट्याने पंक्चर होण्याचा धोका सायकलीइतकाच त्यांनाही असतो. उन्हाळ्यात चाके चालतात, पण मूल चालवून घेत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तापलेल्या डांबराजवळची हवा आणखी गरम असते आणि गाडीतले मूल नेमके त्याच उंचीवर असते. अशा वेळी ऊन लागू नये म्हणून गाडीवर कोरडे दुपटे पांघरण्याची जी सवय आहे ती घातक आहे, कारण त्याने हवा कोंडून आतले तापमान बाहेरच्यापेक्षा वाढते. चिखलाचे आणि लाहीचे महिने वगळले की आधीच आखूड असलेला जोडगाडीचा काळ आणखी कमी होतो.

प्रवासाचे म्हणाल तर बीड शहरात रेल्वे पोहोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. परळी वैजनाथ हे जुने स्थानक सोडले तर जिल्ह्याचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या एसटीवर झाला आहे. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि मोठ्या बसस्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष आहेत, या दोन्ही सोयी मोलाच्या आहेत, पण बसच्या दाराच्या उंच पायऱ्या आणि आसनांमधील अरुंद वाट यांत मिटलेली जोडगाडी घेऊन चढणाऱ्या बाईला वाहक टपाकडे बोट दाखवणार. देवदर्शनाला जातानाही, परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्या असोत की कपिलधार तीर्थाच्या दरीत उतरणारी वाट, कडच उपयोगी पडते.

तरीही बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या शहरांत नोकरदार घरे आहेत, सोसायट्यांतून सिमेंटचे आतील रस्ते आहेत आणि जुळीही जन्मतात. त्यांच्यासाठी निवडीचे काही निकष स्पष्ट सांगता येतात. पहिले सहा महिने बाळाला सपाट निजवता आले पाहिजे, अर्धवट बसते आसन चालत नाही. मुलाला धरून ठेवणारा पट्टा दोन खांद्यांवर, कमरेच्या दोन बाजूंना आणि मांड्यांमधून एक असा पाच ठिकाणी बांधणारा असावा. युरोपात बाबागाडीसाठी ईएन १८८८ हे सुरक्षामानक आहे, त्याचा पहिला भाग पंधरा किलोंपर्यंतच्या आणि दुसरा बावीस किलोंपर्यंतच्या मुलांसाठी आहे. खोक्यावर हा क्रमांक छापलेला असेल तर कोणता भाग ते पाहावे, कारण थोरले मूल पहिल्याची मर्यादा लवकर ओलांडते. जुळ्यांसाठी या निकषांत बसणारी शेजारी-शेजारी आसनांची गाडी, आपल्या दाराचे माप दोरीने घेऊन मगच निवडलेली, योग्य ठरते. दोन वेगवेगळ्या वयांच्या मुलांसाठी मात्र एक हलकी एकेरी गाडी आणि धाकट्याला छातीशी बांधण्याचे कापड ही जोडी जोडगाडीपेक्षा सरस आहे, यात शंका वाटू नये: तीत एक हात मोकळा राहतो, उंबरठा ओलांडता येतो आणि गाडीचे काम संपले तरी कापडाचे संपत नाही. एकेरीला नंतर दुसरे आसन जोडण्याची सोय कागदावर आकर्षक दिसते. पण खालचे आसन बहुधा इतके जमिनीलगत असते की धूळ आणि धूर दोन्ही त्यातल्या मुलाच्या नाकाशी येतात.

जिल्ह्यातली खरी जोडगाडी मोटारसायकल आहे. एक लेकरू पेट्रोलच्या टाकीवर, दुसरे आईच्या मांडीवर, आणि आई मागे एका अंगाला बसलेली, हे दृश्य सोलापूर-धुळे महामार्गावर बाराही महिने दिसते. कायद्याने चालकामागे एकच माणूस बसू शकतो आणि मूलही माणूसच धरले जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने काढलेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा आणि शिरस्त्राण असावे व वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत असावा. चार वर्षांपुढील प्रत्येकाला शिरस्त्राण सक्तीचे आहे. हे नियम मोडले जातात ते बेफिकिरीने, हे अर्धेच खरे आहे; लस टोचायला प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन मुलांना न्यायचे तर दुसरी गाडी नाही, हे उरलेले अर्धे. तालुक्याच्या बाजारात लहान मुलाच्या मापाचे शिरस्त्राण सहजी न मिळणे ही गोष्ट जोडगाडी न मिळण्यापेक्षा पुष्कळ गंभीर आहे.

आतापर्यंतचा विचार स्थिर घराचा झाला. परंतु बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. दोन लेकरांचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो त्यांच्या तळावर. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवून देणारा मध्यस्थ, पावसाळ्यातच जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात, आणि ती हंगामभर टनावारीने फेडायची असते. पहाटे चारच्या सुमारास फडात, म्हणजे तोडायला लागलेल्या उसाच्या शेतात, शिरायचे, पुरुषाने तोडायचे आणि बाईने पाचट सोलून मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, अशी विभागणी असते. ज्या दिवशी आई लेकरांपाशी बसली, त्या दिवशी कोयता अर्धा होतो. मोळ्या कमी, टन कमी, आणि हंगामाअखेर उचल फिटत नाही, अंगावर बाकी राहते. लहान मुले सांभाळण्याचा मोबदला शून्य धरणाऱ्या हिशेबात त्याची किंमत मात्र कर्जाच्या रूपाने चुकती करावी लागते.

म्हणून मुले फडातच येतात. तान्हे झोळीत, आणि ती झोळी झाडाला किंवा उभ्या बैलगाडीच्या खाली बांधलेली. चालते मूल बांधावर. तेथे हिवाळ्यातली पहाटेची थंडी आहे, साप आहेत, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, आणि मागे येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, जिच्या चालकाला पाचटावर निजलेले मूल दिसत नाही. या दोन्ही लेकरांची राखण करणारे पूर्वापार एक साधन होते, ते म्हणजे आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. तिच्या कडेवर धाकटे आणि बोटाला मधले असे. गाडी न लागणारी, चारा न मागणारी आणि उचलीच्या हिशेबात कोठेही न येणारी ही व्यवस्था होती, आणि शाळा हे तिचे मोल होते.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे चांगले काम झाले, ते मुख्यतः या बहिणीसाठी झाले. १९९० च्या दशकात जनार्थ या संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात तळावरच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या; बीड जिल्ह्यात शालेय वयाच्या मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली, ज्यांत मूल आजी-आजोबांपाशी राहते आणि शाळेत जेवते; शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे शांतिवनसारखा निवासी प्रकल्प उभा राहिला; आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुक्यांच्या ठिकाणी वसतिगृहांची योजना आणली. या साऱ्यांची वयोमर्यादा शाळेपासून सुरू होते. थोरली शाळेत राहिली ही निःसंशय जमेची बाजू आहे, पण तिच्या मागे फडात गेलेली दोन लेकरे आता तिच्याशिवाय गेली आणि तिच्या जागी कोणी नेमले गेले नाही, हे या योजनांच्या आढाव्यांत क्वचित लिहिले जाते. सहा वर्षांखालच्या मुलाला वसतिगृह नाही; तीन वर्षांखालच्याला अंगणवाडीकडून घरी नेण्याचा आहार मिळतो, दिवसभर ठेवून घेणारे कोणी मिळत नाही, आणि परक्या जिल्ह्यात तो आहारही बहुधा मागे राहतो.

कायद्याने पाळणाघराची कल्पना फार पूर्वी स्वीकारली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. १९५१ च्या मळे कामगार अधिनियमात तशीच तरतूद झाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची सोय होती. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर लावले गेले. ऊसतोडणारी बाई या प्रत्येकातून निसटते. ती कारखान्याच्या आवारात नसते, मळ्याच्या व्याख्येत ऊस बसत नाही, रोजगार हमीच्या कामावर ती नसते, आणि तिचा मालक कोण, कारखाना, वाहतूक ठेकेदार की मुकादम, हेच कागदावर धूसर ठेवलेले असते. यांतील रोजगार हमीची तरतूद सर्वांत साधी आणि म्हणून सर्वांत अनुकरणीय होती, कारण तिने इमारत मागितली नाही, एक माणूस मागितला.

२०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीखालील पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याची तरतूद आहे. ती तळावर आणायची तर दोन गोष्टी बदलाव्या लागतील. अंगणवाडी उघडते तेव्हा फडातला निम्मा दिवस संपलेला असतो, तेव्हा पाळणाघर पहाटे चारला उघडले पाहिजे. आणि फड दर काही दिवसांनी हलतो, त्यामुळे पाळणाघर कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, तळाशी बांधलेले असावे, फडाशी नव्हे. दहा-पंधरा कोयत्यांच्या टोळीत जिच्याने मोळी उचलत नाही अशी एखादी आजी बहुधा आलेलीच असते; स्वयंपाक आणि राखण ती आजही करते, बिनमोल. तिला मजुरी देण्यासाठी पैसा शोधावा लागणार नाही, कारण लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये आणि तेवढीच भर सरकारकडून असे सूत्र ठरलेले आहे. साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील करारात तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर घासाघीस होते; टोळीमागे एका राखणदार बाईची मजुरी हे कलम त्याच कागदावर, कमिशनच्या खालच्या ओळीत, बसू शकते.